बत्तीस बाय बत्तीस

सावद्याच्या भुईकाट्यावर माझा पहिला दिवस.
कूलरला वाळ्याऐवजी डिझेलचा वास,
खुर्चीत आधीच्या माणसाची पाठ उमटलेली.
सुपडू झोपे, सव्वीस वर्षं नोकरी.
जाताना किल्ल्या देऊन गेले,
कुठली कशाची ते सांगितलं नाही.

संगणक लावला तर एक चिन्ह ओळखीचं असेल तर शपथ.
वजनाच्या प्रोग्रामवर केळ्याची फणी,
हिशेबावर लाल खतावणी, दोरा गुंडाळलेली,
प्रिंटरच्या जागी जीभ काढलेला बैल,
आणि रिसायकल बिन म्हणजे चक्क उकिरडा.
आत काही टाकलं की वर कोंबडी येते.
कोंबडी बघायला मी दोन फायली उगाच उडवल्या.

शेठ म्हणाले, काढून टाक तो पोरखेळ,
दिल्लीचे व्यापारी येतात इथे.

उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन.
एक फोल्डर उघडलं, नाव ‘चित्र नवे’.
त्यात ‘चित्र नवे २’, त्यात ‘चित्र नवे शेवटचे’,
त्यात ‘शेवटचे २’.
एकशे चाळीस फायली.
प्रत्येकीत बत्तीस आडव्या, बत्तीस उभ्या चौकटी,
एकेक चौकट माउसने भरलेली,
दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, मे महिन्यात,
बाहेर पत्रा तडतडत असताना.

मी त्या तारखेनुसार लावल्या.
सगळ्यात जुन्या फणीत चौदा केळी,
प्रत्येकाच्या टोकाला काळा ठिपका,
एकावर तर चरकासुद्धा दाखवलेला.
पुढे नऊ. पुढे पाच, जाड.
मग सावल्या गेल्या.
मग देठाचा हिरवा गेला.
कोंबडीचे पाय गेले, चोच गेली,
तांबडा तुरा तेवढा राहिला उकिरड्यावर.
बैलाची जीभ वाढत गेली, बैल मावेना.
शेवटच्या वर्षी
काळा चौकोन, मध्ये एक पिवळी रेघ.
बस.

वाटलं, कंटाळला असेल म्हातारा.

मग पडद्याच्या काचेवर दिसला
नाक टेकल्याचा तेलकट डाग.
आणि कीबोर्डवर, वजन नोंदायच्या बटणावर,
डिंकाने चिकटवलेला तुरीचा दाणा.
इतका वेळ तो माझ्या बोटाला टोचत होता
आणि मी त्याला कचरा समजत होते.

हमालांतल्या नबाब तडवीला विचारलं.
तो बिडी विझवेपर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला, आप्पा गाडी कानानं बघायचे.
नंबर आम्ही ओरडायचो, आकडा आम्ही ओरडायचो,
ते लिहायचे.
शेठला सांगू नका, ताई.
एका किलोची तक्रार नाही कधी.

शेठला मी सांगितलं नाही.
बैल काढला, खतावणी काढली,
व्यापाऱ्यांना दिसेल तेवढं सगळं गुळगुळीत केलं.
कोंबडी ठेवली, कारण ती मला आवडते.
रेघ ठेवली. का ते मला नीट सांगता येणार नाही.
माझे डोळे चांगले आहेत.

दिवाळीनंतर नवं मशीन आलं.
जळगावचा पोरगा जोडणी करताना म्हणाला,
मॅडम, ही पिवळी काडी व्हायरस आहे का?
म्हटलं, पेनड्राइव्हवर घे आणि जागेवर लाव.
कीबोर्डही त्याने नवा आणला होता, परत पाठवला.

त्या आठवड्यात लँडलाइन वाजली.
“कोन, काट्यावाली का व?”
हो, म्हटलं.
“पिवळं हाये ना जागेवर?”
आहे, आप्पा.
“मंग बरं.”
पुढे काय बोलावं दोघांनाही सुचेना.
मी कोंबडीचं सांगणार होते,
तेवढ्यात तिकडून तेच म्हणाले,
“थांब. गाडी चढली तुझ्या काट्यावर.
भरेल हाये. मागचं चाक अजून खाली हाये,
घाई करू नको...
हा. आता दाब.”

मी खिडकीकडे न बघता
तुरीचा दाणा दाबला.