तिसऱ्या रांगेतला प्रश्न

काजो केजीच्या शाळेत, पत्र्याखाली,
मी दुभाषी.
वकीलबाई आइसलंडहून आलेल्या, नाव सिग्रून,
उकाड्याने त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल.
त्या एक वाक्य इंग्रजीत बोलतात आणि थांबतात,
मी ते जुबाच्या अरबीत ओतते.
सांडतं थोडं.
बाकांवर नाक्यांवरची पोरं.
बंदुका बाहेर आंब्याखाली ठेवायला लावल्यात,
एक म्हातारा शिक्षक लक्ष ठेवून बसलाय,
म्हणजे बंदुकांवर. पोरांवर मी.

"संरक्षित व्यक्ती," बाई म्हणतात.
मला शब्द सापडत नाही.
आमच्याकडे सांभाळतात ते बाळाला, गुरांना, बियाण्याला.
झाकून ठेवलेली म्हणू?
राखलेली?
राखलेली म्हणते. मागे कुणीतरी हसतं.

निळं शिरस्त्राण, गाडीवरची अक्षरं, छातीवरचा बिल्ला,
ज्यांना हात लावायचा नाही त्या सगळ्या खुणा
बाई फळ्यावर काढतात.
फळा ओल्या फडक्याने पुसलेला, खडू धरत नाही.

पितियाच्या ट्रकला अक्षरं होती.
दोन्ही दारांवर, टपावरसुद्धा, विमानातून दिसावीत म्हणून.
खाली उभ्या असलेल्याला ती वाचता यावीत
हे रंगाऱ्याच्या कामात बसत नाही.
ज्वारीची एकशे चाळीस पोती, तेलाचे डबे.
पोती दुसऱ्या दिवशी मिळाली, बरीचशी.
माझा भाऊ पुलाच्या अलीकडे मिळाला,
एका पायात चप्पल.

अर्जावर रकाना होता: नेमणुकीचा प्रकार.
मी लिहिलं, रोजंदारी.
कारकून भला माणूस. पेन बोटांत फिरवत म्हणाला,
हे जरा वर पाठवावं लागेल.
वर म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.
चौदा महिने झाले.
अजून वरच आहे.

बाई पुढचं वाक्य देतात.
हल्ला करणारा सापडला, तर त्या देशाने
एकतर त्याला स्वाधीन करावं, नाहीतर खटला चालवावा.
एकतर, नाहीतर. हे शब्द लगेच मिळतात मला.
अडतं ते 'सापडला तर' पाशी,
कारण तो हरवलेलाच नाही.
शनिवारी बाजारात कोळसा विकतो.
आई त्याच्याकडून घेत नाही, एवढंच.
दोन दुकानं पुढे जाऊन महाग घेते.

आज तो तिसऱ्या रांगेत आहे.
वही आणलीय,
कोपरे दुमडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा.
वाक्य संपलं की मान वर करतो,
ताई, परत सांग, सावकाश.
मी परत सांगते.
सावकाश.

दुपारी कधीतरी त्याचा हात वर.
"आणि जो त्यांचा नाही?
गाडी त्यांची, पण माणूस इथलाच,
दिवसाच्या पैशांवर.
त्याला धरतात का यात?"

पत्रा उन्हाने तडतडतो.
प्रश्न मी इंग्रजीत करते. या वेळी काही सांडत नाही.
बाई पानं उलटतात, चष्मा केसांत खोचतात,
उत्तर लांबत जातं: करार कुणाशी झालाय, यजमान राष्ट्राची सहमती,
काही बाबतींत, अर्थ लावण्यावर अवलंबून,
युद्धाचे जुने नियम मात्र...
प्रामाणिक बाई. एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत.
पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली.
नऊ वर्षं हेच काम करतेय,
पदरचा शब्द कधी घातला नाही.

"हो," मी म्हणते. "धरतात."

तो लिहून घेतो.
शब्द लहान, त्याला वेळ लागतो,
पेन्सिलीचं टोक दोनदा जिभेला लावतो,
लिहिलेल्यावरून अंगठा फिरवतो.
आणि या वेळी
परत सांग म्हणत नाही.