मसुदा, आवृत्ती अकरा

दिवाळ्याच्या धक्क्यावर सात होड्या,
प्रत्येकीत एक डबा: बॅटरी, वीतभर अँटेना,
झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, पाणी शिरू नये म्हणून.
खांब नाही, मनोरा नाही, मध्ये कुणी मोठा नाही.
दर दोन सेकंदांनी डबा म्हणतो: मी आहे,
आणि मला ऐकू येतात ते हे, हे आणि हे.
एवढ्यावरून वाट ठरवायची.

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर,
मी या वाटेचे नियम लिहिते.
आधीच्या दहा आवृत्त्या मी मारल्या नाहीत.
सहा महिन्यांनी मसुदा आपोआप बाद होतो,
दुधाच्या पिशवीसारखा.

नियमात दोन क्रियापदं जपून वापरायची.
'केलेच पाहिजे': इथे पळवाट नाही.
'करावे': म्हणजे करावंच,
पण न करण्याचं कारण पुरतं ठाऊक असेल
तर राहू दे.
कलम सात-तीन: शेजाऱ्याचा निरोप पुढे द्यावा.
की दिलाच पाहिजे?
आठ महिने यावर भांडतोय,
पुण्याचे दोघे, कोचीची एक, मी,
आणि नुसत्या आद्याक्षरांनी सही करणारा कुणीतरी
जो फक्त स्वल्पविरामांना हरकत घेतो.

ओहोटी लागली. पाणी पुरुषभर उतरलं,
तिवरांची मुळं वर आली,
सकाळची वाट चिखलात गेली.
तबस्सुमच्या पडद्यावर सातची रेघ तुटली.
तीनला अजून वाटत होतं, सातकडे पाचवरून जावं.
पाचला वाटत होतं, तीनवरून.
दोघे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले
आणि एक निरोप त्यांच्यामध्ये हेलपाटे घालत
बत्तीस पावलांचं आयुष्य संपवून मेला.
'चाचणी ४१' एवढाच होता तो.
तरी तबस्सुमनं चहा खाली ठेवला.

म्हणून बातमीला क्रमांक.
मोठा तो ताजा, लहान तो शिळा,
शिळ्या बातमीवर वाट बांधता कामा नये.
इथे आम्ही कुणीच भांडलो नव्हतो.

लडकू नाखवा डब्याकडे बघत म्हणाला,
"आमी पन हेच करतो. एकानं हाक मारली का
ऐकनाऱ्यानं फुरं मारायची. पन येकदाच.
तीच हाक दोनदा फिरली का मान्सं उगाच धावतात."
आमचं कलम पाच-एक. आम्हाला दीड पान लागलं होतं.
"आणि जो पुढे देत नाही?"
त्यानं दोर गुंडाळून संपवला, मग म्हणाला,
"त्याची हाक तरी आपुन देतोच ना."

चारच्या सुमाराला चार नंबर गप्प झाला.
आम्ही पामबीचच्या इमारतींवर संशय घेतला,
मग पुलावर, मग स्वतःच्या कोडवर.
अकरा सेकंदांत बाकीच्यांनी त्याला वगळून वाट शोधली,
आम्ही तासभर कारण शोधत होतो.
होडी धक्क्याला लागली तेव्हा कळलं:
हर्षदनं डब्याच्या वायरी काढून
स्वतःचा फोन लावला होता.
बहीण वाशीच्या इस्पितळात, दिवस भरलेले,
कधीही फोन येईल.
तो डबा पुढे करून उभा राहिला, शिक्षेची वाट बघत.
तबस्सुमनं विचारलं, "आला का फोन?"
"नाय अजून."

रात्री कलम सात-तीन उघडलं. 'द्यावा' तसंच ठेवलं,
खाली एक ओळ घातली:
स्वतःची बॅटरी कशासाठी हवी, हे डब्याला सांगावं लागू नये.
दहा मिनिटांत आद्याक्षरांचं उत्तर आलं:
ही ओळ नियमात बसत नाही. काढावी.
'काढलीच पाहिजे' असं त्यानं लिहिलेलं नाही.

मग नोंदी चाळल्या. सहा नंबर काढायचा राहिलाय,
फळीखाली, जाळ्यांच्या आड.
पहाटे दोन वाजून सात मिनिटं:
मी आहे, मला ऐकू येतात ते,
आणि पुढे काही नाही.
दोन सेकंद. पुन्हा तेच.
कलम चार-दोन: रिकामी यादी वैध धरलीच पाहिजे.
हे वाक्य पहिल्या आवृत्तीपासून आहे.
कुणी लिहिलं, मला माहीत नाही.