डाव्या हाताचा फोटो

तेमुको. मंगळवार, सकाळचे आठ.
गावभर लाकडाच्या शेगड्या, त्यांचा धूर
आमच्या खिडकीला अजून चिकटलेला.
रायेन कायुपी, आठ वर्षं पाच महिने,
वर्गात सगळ्यांत उंच, सगळ्यांत जड,
ओळीत कायम शेवटची.

डावाच का, ती विचारते.
उजवा कामाचा असतो, मी म्हणते, डावा खरं बोलतो.
हे मी रचून सांगते. ठरलेलं आहे, इतकंच.
गार पाटीवर ती पंजा पसरते:
बोटांच्या मुळाशी, जिथे इतरांना गाठी, तिथे तिला खळ्या;
अंगठ्याच्या नखावर बॉलपेनची मांजर.
हाताच्या फोटोला श्वास धरावा लागत नाही.
ती धरते.

मग काळ्यावर पांढरं उमटतं.
मनगटातले खडे मी मोजते, कोण आलं, कोण यायचंय.
अंगठ्याच्या बुडाशी तिळाएवढं हाड,
ज्यानं अजून दोन-तीन वर्षं वाट बघायची,
ते आत्ताच येऊन बसलेलं,
भात शिजायच्या आधी पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखं.
पुस्तकातले हात उलटत जाते. आठ. नऊ. दहा.
अकराच्या पानावर बोटं जुळतात.

आई, इर्मा, शाळेच्या फाटकाशी सोपाइपिया तळते.
"हाडापेरानं माझ्या बापावर गेलीय," ती सांगते,
"तो दारातनं वाकून यायचा."
तिच्या केसांना तेलाचा वास आहे,
तिला तो येत नाही.
डॉक्टर इबाकाचे लेप्टिन समजावतात तेव्हा मला तेच दिसतं:
चरबी सांगत राहते, भरलंय, पुरे,
आणि मेंदू कढईपाशी इतका वेळ बसलाय
की त्याला काही जाणवत नाही.

वाढीचा हार्मोन कागदावर कमी.
"मग वाढते कशी? वर्षाला दोन नंबर बूट?"
इन्शुलिन आहे ना, डॉक्टर म्हणतात, तिपटीनं,
ते दुसऱ्याच्या नावानं सह्या करत सुटलंय.
आणि चरबीही नुसती बसून नसते,
बाईपणाचं थोडं रसायन
ती आपलं आपण शिजवते, मंद आचेवर.
हाडं ते पितात आणि घाई करतात.
पुढच्या वर्षांची उंची
आत्ताच उचल म्हणून घेतलेली;
हाडांच्या टोकांशी फटी बुजल्या
की हिशेब मिटला.

"म्हणजे शेवटी?"
"शेवटी चारचौघींएवढी. कदाचित बोटभर कमी."

इर्मा पर्सची चेन उघडते, लावते, उघडते.
"काल शाळेत रडली," ती म्हणते, भलतंच काहीतरी बोलल्यासारखी,
"तर बाई म्हणाल्या, एवढी घोडी झालीस आणि रडतेस?"

रायेन उजेडाच्या पाटीवर
आपल्याच हाडांवर हात ठेवते.
"हा अकराचा?"
हो.
"मग आठची कुठेय?"
मी अंगठ्यावरच्या मांजरीकडे बोट दाखवते.
ती वाकून फोटोत शोधते. एक कान पुसट झालेली मांजर
फोटोत आलेलीच नाही.

त्या दोघी पायऱ्या उतरतात. मुलगी
आत्ताच आईच्या हनुवटीला लागते.
मी चौथीत असताना
वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी होते, मास्तरांशेजारी.
हे तिला सांगणार होते.

स्टूल ओढते, चढते,
आणि हातांचं पुस्तक
वरच्या फळीवर ठेवते.