वीस मिनिटांचं निरीक्षण

रात्री नऊला कॉलेज भरतं.
घरात रेंज नाही, गोठ्याच्या दारात थोडी,
पुरी हवी तर रस्त्याच्या मोरीपाशी, फणसाखाली.
म्हणून बालवाडीतली एक खुर्ची,
तीन वर्षांच्या पोराच्या मापाची,
मी उचलून नेते
आणि गुडघे कानांशी आणून बसते.
सत्तेचाळीस वय. बारावी बाहेरून, दुसऱ्या खेपेस.

पडद्यावर आम्ही एकशेबारा खिडक्या.
पेडण्याच्या दोघी, काणकोणच्या चौघी,
एकीच्या मागे तिचा नवरा गंजीवर जेवतोय,
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
पणजीहून क्लॅरिस मॅडम विचारतात,
"रत्नावती, तुमच्याकडे काय वाजतंय?"
बेडूक, म्हटलं.
"म्यूट करा."
मी मला केलं. त्यांना नाही जमलं.

आधी हा वर्ग शहरातल्यांनाच होता.
यंदा सांगे, केपे, रिवणपर्यंत उघडला,
आणि सोबत कागद आला, की यापुढे पदविका नसेल तर.
वाक्य तिथंच संपलं होतं. कळलं.

एकोणीस वर्षं शेंबूड पुसायला शिकवलं,
ते स्व-निगा कौशल्य होतं.
चिंचोके वेचणं म्हणजे सूक्ष्म स्नायूंचा विकास,
अबोलीचा वळेसर म्हणजे हात-डोळा समन्वय.
भांडणालाही एक फार सुंदर नाव आहे,
आता आठवत नाही,
परीक्षेआधी आठवायला हवं.

तिसऱ्या घटकाचा स्वाध्याय:
एका मुलाकडे वीस मिनिटं पाहा.
शिकवू नका. हाक मारू नका. लिहा.

हसूच आलं.
बावीस पोरं, चुलीवर पेज,
मदतनीस बुधवारी येत नाही.
सलग वीस मिनिटं मी
माझ्या पोटच्या पोरीकडेही पाहिलेलं नाही,
ती लग्न होऊन फोंड्याला गेली.

बसूला निवडलं. तो जागचा हलत नाही,
लिहायला सोपा.
चिरेखाणीवरल्या माणसाचा मुलगा, जूनपासून येतो.
नोंदवहीत माझंच अक्षर:
बोलत नाही. डॉक्टरला दाखवावे.

दहा पाच. बसू खिडकीखाली.
दहा आठ. चिंचोके ओळीत मांडतो. सात.
दहा अकरा. दीक्षाने दोन पळवले. तो गप्प.
इथं मी उठणार होते. उठले नाही.
दहा चौदा. ओठ हलतात.
दहा सोळा. मी खुर्ची जवळ सरकवली
(हे लिहायचं असतं का?)
ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु.
ऐदुपाशी थांबला,
दीक्षाच्या मुठीकडे पाहिलं,
परत पहिल्यापासून मोजलं.
दहा एकोणीस. पेज उतू गेली.
दहा पंचवीस. मी अजून तिथंच.

त्या रात्री शेवटी लिहिलं: मला लाज वाटली.
मुदत बारापर्यंत, अकरा चाळीस झालेले,
पडद्यावरचं चाक फिरतंय, फिरतंय,
नवरा स्कूटरचा दिवा माझ्यावर धरून
दर मिनिटाला विचारतोय, गेलं?
जणू मी कुणाला बसमध्ये बसवतेय.
गेलं.

आठवड्यानं परत आलं, दहापैकी सहा.
शेवटच्या ओळीखाली लाल रेघ:
वाटलं ते नको. दिसलं ते लिहा.

रागच आला आधी. भाकरी करपली.
मग सकाळी नोंदवही काढली,
जूनमधली ओळ खोडून लिहिलं:
मोजतो. कन्नडमधून. बहुधा पाचाच्या पुढेही.
'बहुधा' खोडलं.
मग ते खोडलेलंही बरोबर वाटेना,
कारण दिसलं होतं पाचच.

वही मिटून बसूजवळ जमिनीवर बसले.
त्याच्यापुढे पाच होते, माझ्या मुठीत दोन.
ऐदु, म्हटलं. उच्चार चुकलाच असणार.
त्यानं वर पाहिलं. किती वेळ,
मी घड्याळ पाहिलं नाही.
मग माझी बोटं एकेक करून उघडली.
"आरु," म्हणाला.
"एळु."