तीसची नळी

ऋतिजा केळुसकर बंदूक आणत नाही कधी.
ती क्लबच्या कपाटात, दोन कुलपांच्या आत.
आणते ती नुसती दुर्बीण,
आईच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून,
आणि ठेवते माझ्या टेबलावर,
जिथं ट्रॉलरवाल्यांच्या दुर्बिणी
भिंगात बुरशीची जाळी घेऊन पडलेल्या असतात
गणपतीपासून.

"मिंगेलकाका, ही विकून टाका.
एक इंची आहे. आता सगळे तीसची घेतात.
नळी जाड, तेवढा उजेड जास्त."
दुसऱ्या हातात नवी होती.
काळी, जाडजूड,
हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूला असतो तसला वास.

मी बोट वर केलं, पत्र्याकडे.
"पन्हळ रुंद केली म्हणान
छपरार पावस जास्ती पडता काय गो?"

ती हसली नाही. वेंगुर्ल्याची पोर,
पावसाचे दाखले तिला पाठ.
मग कागद घेतला.
पुढची काच म्हणजे छप्पर.
दोन्हींची चाळीस मिलिमीटर.
जे पडायचं ते तिथंच पडून गेलं.
मधल्या नळीत पोचेस्तोवर उजेड आवळलेला,
रापण दोन्ही टोकांनी ओढत आणावी तसा;
त्याला एक इंच पुरून उरतो.
चाळीसला दहानं भाग.
चार.
मागच्या टोकाला, डोळ्यापुढं तरंगणारा
चार मिलिमीटरचा ठिपका.
नळी कितीची, हे त्या ठिपक्याला कुणी सांगत नाही.

"मग लोक पैसे कशाला मोजतात?"
"थांब, काळोख पडू दे."

वाळूच्या दोन पिशव्या खिडकीत,
त्यांवर दोन नळ्या, दोन्ही दहावर.
समोर जेटी, जेटीला होड्या,
तिसरीच्या नाकावर पांढऱ्या रंगात नंबर.
सहा पन्नास. बर्फाची गाडी येऊन गेली.
सहा अठ्ठावन्न. पाणी आणि गलबत
एकाच रंगाचे झाले.
ती एकीतून बघे, मग दुसरीतून,
मग परत पहिलीतून, ओठ दाबून.
"जुनीत शेवटचा सात दिसतोय.
नवीत सात की एक, कळत नाही."

जुन्या काचेवर जांभळट लेप आहे,
कुणीतरी कुठंतरी मन लावून चढवलेला.
नव्यात पैसा नळीत गेला.
हे मी बोललो नाही. विचारलं,
"हप्ते किती राहिले?"
"नऊ."

पण जिन्नस खोटा नव्हता, तेही सांगायला हवं.
मी वरची चकती फिरवली.
जुनी नव्वद टिचक्यांवर अडली,
माळ्याला डोकं आपटावं तशी.
नवी जात राहिली. शंभर. सव्वाशे. दीडशे.
"आत एक धाकटी नळी असते, ती झुकते.
झुकायला जागा लागते.
पन्नास मीटरवर तुला कळणारही नाही,
पण सातशेवर गोळी खाली येते, येणारच,
आणि तेवढी खूण सरकवायला
थोरलीच्या पोटात जागा हवी.
जाडी त्याच्यासाठी. उजेडासाठी नव्हे."

तिनं चकती स्वतः फिरवली, शून्यावर आणली,
परत फिरवली.
कान लावून, टिचक्या मोजत.
मग म्हणाली, "तुम्ही बघा ना काका, जुनीतून.
सातच आहे ना?"

मी डोळा लावला.
ठिपका चारचा. माझी बाहुली
अडुसष्टाव्या वर्षी तीनच्या पुढं उघडत नाही.
भांडं केवढंही असो, घोट तेवढाच.
शिवाय मोतीबिंदू, तो धरलेलाच नाही हिशेबात.
राखाडी. राखाडीत आणखी राखाडी.
"हो," मी म्हटलं, "सातच."

ती काही बोलली नाही.
दोन्ही दुर्बिणी साडीत गुंडाळल्या, जुनीसुद्धा.
बुरशी बघायचे साठ रुपये ठेवले,
मी नको म्हणेपर्यंत पायरी उतरली.

खाडीच्या तोंडाशी एक इंजिन ठोके देत होतं.
लांब गेलेलं, बरंच लांब.
तिसरी होडी कधी सुटली असेल, याचा
मी दिवा न लावता हिशेब करत बसलो.