पाळ

नवेगावच्या अलीकडे बस संपते.
पुढे पाळ, पाळीखाली अठ्ठावीस घरं,
आणि तळं, धुक्यानं अर्धं खोडून ठेवलेलं.

"येवढ्या थंडीत काहाले आले जी?"
नत्थू नान्हे डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसत विचारतो.
पाहायला, म्हणतो मी.
तो वळून तळ्याकडे बघतो,
आपलं काही पाहायचं राहून गेलं की काय.

जिभेवर भाजल्या शिंगाड्याची राख.
पलीकडे डोंगर,
निळा म्हणावा इतकाही उजेड नाही त्याच्यावर.
बदकं कुठल्याशा बर्फातून आलीत
आणि कुणाला काही सांगत नाहीत.

मोबाइलवर भाचीचा फोटो येतो, इटलीहून:
तळं, डोंगर, पिवळ्या भिंतींची घरं,
हिवाळ्यापुरतं बंद हॉटेल,
आणि धक्क्यावर मोकळ्या केसांची ती, एकटी.

नत्थू हात पंच्याला पुसतो, मोबाइल धरतो.
बराच वेळ.
"पाळ कोनं बांधली?"
तिथं पाळ नसते, मी म्हणतो, देवाचं तळं आहे.
"मंग शिंगाडे नसतीन होत."

परत देता देता
पुन्हा एकदा पाहतो.
"पोरीले म्हना,
कानाले काही बांध."