नोंदणीकृत पत्ता

नाव मिळालं तिसऱ्या खेपेला.
भांडवल एक लाख, त्यातले साठ हजार
तांब्याच्या तारेत आधीच गुंडाळलेले.
अडलो ते पत्त्याच्या रकान्यात.

तापे सी.ए. पंख्याखाली कागद दाबत म्हणाले,
"पत्ता म्हणजे बोर्ड नव्हे, ताई.
जिथं नोटीस आली तं कोणीतरी दार उघडून
सही करून घेईन, तो पत्ता."
मी वहीत उतरवून घेतलं.
शबाना खिडकीतून बघत होती,
इतवारीच्या त्या बोळात एक हातगाडीवाला
गाडी उलटी फिरवायला जागा शोधत होता.

आधी धरमपेठ पाहिली.
काचेचं दार, एसी, महिन्याला अठराशे.
"तुम्ही नाही आलात तरी चालतं," तिथली मुलगी म्हणाली.
भिंतीवर एकेचाळीस कंपन्यांची नावं
आणि खाली एक टेबल.
शबानाला आवडलं.
म्हणाली, इथला पत्ता असला की
कुलरच्या पंपाचे भाव लोक पाडत नाहीत.
खरं होतं तेही.

मग मनीषनगर, माझ्या भावाचा फ्लॅट.
सेक्रेटरी लिफ्टपाशीच भेटला.
"कमर्शियल नाही चालत."
वहिनीनं सरबताचा दुसरा ग्लास भरला, जरा जास्तच आनंदानं.
मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं प्यायले.

शबानाचं घर भाड्याचं.
ते मिळेपर्यंत तिनं सात घरं पाहिली होती,
सातही जागी नाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती.
तो विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

उरलं ते, जिथं आम्ही रोज बसतोच:
भांडेवाडीतलं पत्र्याचं शेड.
वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास
आधी आत येतो, मागून गिऱ्हाईक.
शेड कौतिकाबाई नंदनवारांचं.
कधीकाळी तिथं चार माग होते,
फरशीत त्यांचे खड्डे अजून आहेत,
एकात आम्ही स्क्रू ठेवतो.

लाइट बिलावर नाव त्यांच्या मालकांचं.
सोळा वर्षांपूर्वी गेलेला माणूस
दर महिन्याला दोनशे युनिट जाळत होता.
"त्यांची एनओसी कुठून आणता?" तापेंनी विचारलं.
मग मृत्यूचा दाखला, टॅक्सची पावती,
बिजली ऑफिसच्या तीन चकरा, मे महिना,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
तिसऱ्या चकरेला कौतिकाबाई स्वतः काउंटरवर वाकल्या:
"काढा आता त्याईचं नाव. गंज वर्षं झाली,
भरूनच राहिले."

संमतीपत्रावर सही करण्याआधी पेन हातात धरून बसल्या.
"तुमची कंपनी बुडली तं मले तं नाही नेत ना?"
नाही नेत.
"आन् चालली तं?"
याचं उत्तर तापेंच्या एकाही फॉर्ममध्ये नव्हतं.
शबाना म्हणाली, तं तुमच्या कुलरला पंप फुकट.
"मायाकडं कुलर कुठी आहे?" असं म्हणून
त्यांनी सही केली, मोठी, रकान्याबाहेर जाणारी.

फॉर्मला हवी ओळ एक, ओळ दोन, पिनकोड.
रसवंतीच्या मागं, गिट्टीच्या ढिगाला वळून,
जिथं काळी शेळी बांधलेली असते तिथं,
हे लिहायला जागा नव्हती.

बाहेर पूर्ण नाव रंगवणं कायद्यानं बंधनकारक.
पेंटरनं अक्षरं अशी ऐसपैस काढली
की 'प्रायव्हेट'लाच भिंत संपली.
'लिमिटेड' त्यानं दाराच्या फळीवर लिहिलं.
दार उघडलं की तेवढा शब्द आत वळतो
आणि उन्हाळाभर दार कोण लावतं?

पहिलं रजिस्टर पत्र आलं जूनमध्ये.
आम्ही दोघी कळमन्याला माल द्यायला गेलेलो.
परतलो तर ते स्क्रूच्या खड्ड्यावर ठेवलेलं,
न फोडलेलं, वर पंपाचं वजन.
सही करून घेतली होती.
आम्ही हात पुसले, आणि बराच वेळ
कोणी फोडायचं ते ठरेना.